तिरोडकरांचा एक शॉट

तिरोडकर आमच्या चाळीत राहायला आले त्याच आठवड्यात शेजारचे लेलेकाका वारले. सकाळची वेळ होती. तिरडीचं सामान यायचं होतं, घरात रडारड चालली होती. चाळीतले पुरुष माना खाली घालून अंगणात उभे होते आणि हा नवा माणूस दाराशी उभा राहून, एका हाताची मूठ वळून, तिच्या पोकळीतून आत बघत होता. मी त्यांच्या मागेच होते. मला म्हणाले, "ती कोपऱ्यातली बाई कोण?"

"धाकटी सून."

"तीच तेवढी खरं रडतेय. बाकी सगळं खोटं दिसतंय."

मला त्या माणसाचा राग आला. पण ते म्हणाले ते खरं होतं. काकांचं दोन वर्षांचं आजारपण त्या धाकटीनेच काढलं होतं. हे चाळीला ठाऊक होतं, त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

मनोहर तिरोडकर. सिनेमाचे दिग्दर्शक. एकोणीसशे पन्नासनंतरची पहिली काही वर्षं. अंधेरीला स्टेशनच्या पूर्वेला, कुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत आमची बैठी चाळ होती. मी तिथे आईबरोबर राहायची आणि जवळच्या शाळेत मराठी शिकवायची. त्यामुळे तिरोडकर मला कायम "मास्तरीणबाई" म्हणाले. त्यांची बायको शालिनी टेलिफोन ऑपरेटर होती. कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांना जोडून द्यायची आणि घरी आल्यावर फार बोलायची नाही. आमची दोघींची लवकरच मैत्री झाली. त्यांचा मुलगा अकरा महिन्यांचा होऊन घटसर्पाने गेला होता, हे तिने मला ओळख झाल्यावर वर्षाने सांगितलं. तेही तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता.

"खोटं दिसतंय" हा तिरोडकरांचा मंत्र होता. लग्नाला गेले की विहिणींचं आलिंगन खोटं, शाळेच्या समारंभात पाहुण्यांचं भाषण खोटं, हॉटेलवाल्याचं "या साहेब" खोटं. फार आतून वाटलं की वेंगुर्ल्याची बोली तोंडात यायची, "खोटा दिसता!" एकदा चाळीच्या गणपतीत नाटक होतं. आमचे हेडक्लार्क पाटणकर दारुड्या झाले होते. झोकांड्या खात, बरळत छान टाळ्या घेत होते. मधेच प्रेक्षकांतून आवाज आला, "खोटं दिसतंय!" पाटणकर शुद्धीवरच होते. रंगमंचाच्या कडेला येऊन म्हणाले, "मग तू ये ना वर! दाखव!"

तिरोडकर खरंच वर गेले. झोकांडी नाही, बरळणं नाही. टेबलावरचा तांब्या उचलून ते पेल्यात पाणी ओतायला लागले. आपण शुद्धीवर आहोत हे सगळ्यांना दाखवायचंय अशा बेतानं, फार जपून, पेला नीट मधोमध ठेवून. पेला भरला, पाणी वाहायला लागलं आणि त्यांना ते कळलंच नाही. ते आमच्याकडे बघून सभ्यपणे हसत राहिले. मागच्या ओळीतली एक बाई उठून बाहेर गेली. तिच्या घरी असा माणूस होता.

तेव्हा मला वाटलं, हा माणूस मोठा आहे. अजूनही वाटतं. म्हणूनच हे सगळं लिहिणं मला जड जातं.

तेव्हा ते अंधेरीच्याच एका स्टुडिओत सहायक दिग्दर्शक होते. ती नोकरी कशी गेली, ते शालिनी हसत सांगायची. गरीब विधवेच्या झोपडीचा सेट होता. झोपडीत सगळी भांडी नवी कोरी, चकचकीत. तिरोडकरांनी सकाळी घरातून शालिनीचं चुलीवरचं काळंकुट्ट पातेलं नेलं आणि तिथे मांडलं. नायिकेने उचललं, हात काळे झाले, पांढऱ्या साडीला डाग पडला. दिग्दर्शक ओरडले. तिरोडकर म्हणाले, "डाग पडला तेवढाच काय तो खरा." आणि तसेच चालते झाले. घरी येऊन बायकोला म्हणाले, "नोकरी सोडली."

शालिनी म्हणाली, "ते ठीक. माझं पातेलं कुठाय?"

पातेलं तिथेच राहिलं होतं. ते मागायला जाणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. शेवटी शालिनीच ड्युटी संपल्यावर स्टुडिओच्या फाटकावर जाऊन घेऊन आली. फाटकावरच्या पठाणाने तिला विचारलं, तू कोण? ती म्हणाली, पातेल्याची मालकीण. ही गोष्ट सांगताना ती इतकी हसायची की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिरोडकर मात्र हसत नसत. आपल्या गोष्टीतल्या पातेल्यालाही घर असतं, हे त्यांच्या लक्षातच येत नसे.

मग त्यांनी स्वतःचा सिनेमा काढायचं ठरवलं. कोणाची कंपनी नाही, कोणाचा हुकूम नाही. एका खेड्यात पाणी आटलंय, पंचांनी घरटी सात पोहरे पाणी बांधून दिलंय, आणि त्या भांडणात एका बाईचं तापलेलं मूल हातचं जातं. नाव 'सात पोहरे'. संवाद लिहायला त्यांनी मला बसवलं. मी लिहून न्यायची, ते वाचायचे आणि खोडायचे. "मास्तरीणबाई, हे वहीतलं बोलणं झालं. तुमची आई भांडते तसं लिहा." पंधरा-पंधरा वेळा लिहून घेतलं. माझी आई भांडते तसं मी अखेर लिहिलं, आणि तेव्हा मला कळलं की लिहिणं म्हणजे काय. ते ऋण मी नाकारत नाही.

चित्रण रविवारी, मरोळला. तेव्हा मरोळ गावच होतं. भाताची खाचरं, कौलारू घरं आणि एक मोठी बांधीव विहीर. भाड्याचा कॅमेरा घेऊन पिंटो नावाचा कॅमेरामन यायचा, शांत, मान हलवून बोलणारा. स्टुडिओंत उरलेले कच्च्या फिल्मचे तुकडे गोळा करून त्यावर काम चालायचं. कॅमेरा जुना, इतका खडखडायचा की बोलणं तिथे टिपताच येत नसे. आवाज मागाहून स्टुडिओत भरायचा, असं ठरलं होतं.

आईच्या कामाला एक नाटकातली नटी घेतली होती. तिरोडकरांनी तिला पहिल्याच रविवारी विहिरीवर उभं केलं आणि पाणी शेंदायला लावलं. शेंदलेलं पाणी परत विहिरीत, परत शेंदा. दुपारपर्यंत तिच्या तळव्यांना फोड आले. ती म्हणाली, "अहो, कॅमेरा तर अजून चालूच केला नाही तुम्ही!"

"हाताला अजून सवय दिसत नाही," तिरोडकर म्हणाले.

दुसऱ्या रविवारी ती आली नाही. सगळे हातावर हात ठेवून बसले होते. डबा घेऊन आलेल्या शालिनीने पदर खोचला, रहाट सोडून नुसत्या दोरानं पोहरा सोडला, झटका देऊन बुडवला आणि हाताखाली हात टाकत वर घेतला. वेंगुर्ल्याला माहेरी तिचं बालपण विहिरीवरच गेलं होतं. तिरोडकरांची मूठ डोळ्याकडे गेली. पिंटोने न सांगता कॅमेरा चालू केला.

त्यानंतरचं एक वर्ष मला आठवतं ते शालिनीच्या चेहऱ्यावरून. ती बोलायला लागली होती. फोनच्या ऑफिसातल्या गमती सांगायची, चालायची भरभर. चित्रित झालेले तुकडे कुठेतरी पडद्यावर बघून आली की मला कोपराने ढोसून विचारायची, "कमल, खरं सांग गं, मी बरी दिसते ना?" नवराबायको संध्याकाळी ओट्यावर बसून पुढच्या रविवारचं बोलत. मूल गेल्यानंतर त्या घरात दोघांना मिळून करायचं असं काही उरलं नव्हतं. ते आता मिळालं होतं.

आणि इथे मला माझं सांगितलं पाहिजे.

सिनेमातलं मूल गेल्यानंतरचा प्रसंग मला लिहिता येत नव्हता. तिरोडकर पानं फाडत होते. एक दिवस मी म्हटलं, "संवादच नको. ती नुसती त्याची एखादी वस्तू हातात घेऊन बसेल. शालिनीने नाही का, बाळाची कुंची अजून जपून ठेवलीय, पितळी डब्यात, तांदळाच्या पिंपामागे."

शालिनीने ते मला एकटीला सांगितलं होतं. बाळाचे सगळे कपडे तिरोडकरांनी ते गेलं त्याच आठवड्यात देऊन टाकले होते. घरात ठेवलं की बाई सावरत नाही, असं त्यांचं म्हणणं. ही एक कुंची तिने लपवली होती. मी हे लेखनाच्या भरात बोलून गेले. चांगलं सुचलं याचा मला आनंद झाला होता, हे मी लपवत नाही. तिरोडकर फक्त "हं" म्हणाले आणि पान फाडायचं राहून गेलं.

तो रविवार उन्हाचा होता. मरोळच्या एका घरात पाळणा बांधला होता. शालिनीने रिकाम्या पाळण्याशी बसायचं आणि रडू फुटायचं, एवढंच. पाच वेळा झालं. पाचही वेळा तिरोडकर म्हणाले, "खोटं दिसतंय."

शालिनी ओशाळून म्हणाली, "मला नाही हो येत. मी काय नटी आहे?"

पिंटो हळूच म्हणाला, "फिल्मचा हा शेवटचा तुकडा आहे, साहेब."

तिरोडकरांनी आपल्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. मग मागे सरकून पिंटोला हाताने खूण केली. शालिनीला वाटलं, सिनेमातलंच काही असेल. तिने कागद उलगडला. हिरव्या छिटाची कुंची मला दिसली, आणि मी पाठ फिरवली.

भिंतीकडे तोंड करून मी उभी होते. कॅमेऱ्याचा खडखडाट चालला होता आणि त्याच्या आतून एक आवाज येत होता. त्याला रडणं म्हणता येणार नाही. खोल विहिरीतून जड काही ओढून वर घेताना माणूस जसा दम टाकतो, तसा. मी वळून थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. फिल्म संपेपर्यंत तिथले कोणीच हलले नाहीत.

कॅमेरा बंद झाला तेव्हा तिरोडकर म्हणाले, "झकास!"

एवढाच शब्द. त्यांचा आवाज कापत होता आणि डोळे ओले होते. ते खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तेही बापच होते. पण तोंडातून आलं ते हेच.

शालिनीने कुंचीची घडी केली, कमरेला खोचली. पिंटोला विचारलं, "संपलं ना?" त्याने मान हलवली. ती बाहेर पडली, खाचरांच्या बांधावरून चालत नाक्यावर गेली आणि आलेल्या बसमध्ये बसली. आम्ही मागून घरी पोचलो तेव्हा तिने सगळ्यांसाठी भात टाकलेला होता.

त्या दिवसापासून ती नवऱ्याशी थेट बोलली नाही. घर चाललं होतं, जेवण वेळेवर होतं, त्यांचा शर्ट धुतलेला असायचा. काही सांगायचं झालं तर मी असेन तेव्हा मला सांगायची, "त्यांना म्हणावं, पाणी जाईल, आंघोळ करून घ्या." मी नसले तर भिंतीला सांगत असावी.

राहिलेलं काम तिने पुरं केलं. आवाज भरायला स्टुडिओत आली. पडद्यावर स्वतःचे ओठ बघत एकेक वाक्य बिनचूक म्हणाली. ऑपरेटरच ती, आवाजावर तिचा ताबा होता. मग तो शॉट पडद्यावर लागला. ती मायक्रोफोनपासून बाजूला झाली. तिरोडकर काचेमागून म्हणाले, "शालू, फक्त श्वास. रडू नकोस, नुसता श्वास दे." तिने माझ्याकडे बघितलं. "कमल, त्यांना सांग, तो आवाज त्या दिवशी दिला. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं."

दुसऱ्या बाईचा आवाज चालला नसता, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी तो शॉट तसाच ठेवला, मुका. फिल्मची जोडणी करणारा म्हणाला होता म्हणे, की उभ्या जन्मात असं काही बघितलं नाही. मी तो तिथेही बघितला नाही. पडद्यावर येतोय म्हटल्यावर मी पायांकडे पाहत बसले होते.

सिनेमा पुरा झाला, पण घ्यायला कोणी तयार होईना. गाणं नाही, नाच नाही, शेवटी पाऊसही पडत नाही. तिरोडकर डबे घेऊन वितरकांच्या दारोदार फिरले. आधी ते ताठ्याने सांगत, "एक फूटसुद्धा कापू देणार नाही." दीड वर्षाने एका शेठने होकार दिला. त्याने सिनेमा बघून म्हटलं, "पिक्चर अच्छा है, पण ती बाई रडते तिथं आवाज का नाही? लोक म्हणतील मशीन बिघडली. खुर्च्या तोडतील. तेवढं काढा."

तिरोडकरांनी काढलं.

मला हे आधी माहीत नव्हतं. शालिनीलाही नव्हतं. गिरगावातल्या एका थिएटरात सकाळच्या खेळाला 'सात पोहरे' लागला. तिरोडकर दाराशी नवा शर्ट घालून उभे होते. शालिनी स्वतःहून म्हणाली, "कमल, मला बघायचाय." मी चकित झाले. ती म्हणाली, "एकदा बघीन. त्या दिवशी मी कशी होते ते मला माहीतच नाही. एवढं घेतलंय माझ्याकडून, ते कसं झालंय ते तरी बघीन. झालं असेल चांगलं, तर मग बघू."

"तर मग बघू" या तीन शब्दांत त्यांचा संसार टांगलेला होता. तो संसारच थिएटरच्या अंधारात माझ्या शेजारी बसला होता. थिएटर अर्धं रिकामं. विहीर आली, पंच आले, माझ्या आईची भांडणं आली, लोक दोनदा हसलेही. मूल तापाने फणफणलं. शालिनीने माझा हात धरला. पाळणा दिसला. आणि एकदम दुसऱ्या दिवसाची सकाळ, शेठने कुठूनशी आणून चिकटवलेली बैलगाडी, आणि तिच्यावर एक गाणं.

तिने हात सोडला नाही. गाणं संपेपर्यंत धरूनच ठेवला. मग म्हणाली, "नाहीये ते."

"कापलं असेल," मी म्हटलं.

"ठेवलंसुद्धा नाही, कमल."

बाहेर आल्यावर तिरोडकर पुढे झाले. ती त्यांच्या बाजूने रस्त्याकडे निघून गेली. मीच थांबले. विचारलं, "एक फूट कापू देणार नव्हतात ना?"

"मास्तरीणबाई, सिनेमा लागायला हवा. न लागलेला सिनेमा म्हणजे डब्यातली पट्टी. एक शॉट दिला, बाकीचा वाचला."

"मग हाच का दिलात?"

"त्यालाच आवाज नव्हता," ते म्हणाले.

म्हणजे दोष तिचा. हे त्यांनी मुद्दाम नाही म्हटलं. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आयुष्यात मी कोणाला मारलेलं नाही. त्या दिवशी माझा हात उचलला गेला होता, हातात छत्री होती म्हणून राहिला.

सिनेमा आठवडाभर चालला. शालिनीने बदली मागून घेतली आणि मुलुंडला थोरल्या भावाकडे राहायला गेली. जाताना भांडण नाही, आरडाओरडा नाही. पितळी डबा तेवढा पिशवीत घातला. तिरोडकर नंतर कोणासाठी काय वाटेल ते करत राहिले. साबणाच्या जाहिराती, देवादिकांच्या सिनेमात दुय्यम काम, आरे कॉलनीत गाईगुरांवरचा माहितीपट. चाळ सोडली, कुठे गेले कळलं नाही. सिनेमातल्या तरुण पोरांत त्यांचं नाव मात्र हळूहळू मोठं होत गेलं. तडजोड न करणारा माणूस, असं.

तीन-चार वर्षांनी शालिनीच्या भाचीचं लग्न निघालं. मुलुंडला, घराजवळच मांडव. मला आग्रहाचं बोलावणं होतं. मी आदल्या दिवशीच गेले. तिच्याबरोबर पानं पुसताना मला राहवेना. म्हटलं, "शालिनी, तो डब्याचा विषय... त्यांना मीच बोलले होते."

"माहीत आहे," ती म्हणाली. पुसत होती ते पान तिने गठ्ठ्यावर ठेवलं. "तुलाच तर सांगितलं होतं मी. आणखी कोणाला ठाऊक होतं? तिथेच कळलं मला, कागद उलगडला तेव्हाच."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"कोणाकोणाशी बोलणं टाकू? फोन जोडायला तरी कोणीतरी लागतं ना पलीकडे."

लग्नाच्या दिवशी दुपारच्या पंगतीत तिरोडकर दिसले. भावाने पत्रिका पाठवली होती, रीत म्हणून. ते येतील असं कोणाला वाटलं नव्हतं. केस पांढरे झाले होते. ओळीत शेवटच्या पाटावर, ओळखीचं कोणी नाही अशा ठिकाणी बसले होते. शालिनी जिलबी वाढत त्या ओळीने येत होती. मी जिथे होते तिथेच थांबले. ती त्यांच्यापुढे आली, वाकली, आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्यांच्याशी थेट बोलली. कोणाही पाहुण्याला विचारावं तसं, नीट, आदराने.

"वाढू का थोडी?"

त्यांनी वर पाहिलं. "वाढा," म्हणाले.

तिने दोन जिलब्या वाढल्या आणि पुढच्या पानाकडे गेली. त्यांनी पानातलं सगळं संपवलं, काही टाकलं नाही, आणि विडा न घेताच उठले.

मी मागोमाग रस्त्यापर्यंत गेले. ते बसच्या खांबाशी उभे होते. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. म्हणाले, "तो तुकडा शोधला मी. जोडणीच्या खोलीत, शेठकडे, सगळीकडे. कापलेली फिल्म बांगड्यांच्या कारखान्यात जाते म्हणे, वितळवायला. पिंटो गोव्याला गेला तो गेलाच. आता मलाही कधीकधी नीट आठवत नाही. ती आधी खाली बघते की वर? मास्तरीणबाई, तुम्ही होतात तिथे. सांगा ना कसा होता तो."

मला खोटं सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं.

"मी बघितला नाही," मी म्हटलं. "मी भिंतीकडे तोंड करून उभी होते."

"संपूर्ण वेळ?"

"संपूर्ण वेळ."

त्यांनी मान हलवली. भांडुपकडे जाणारी बस आली. त्यांना तिकडेच जायचं होतं की नाही कोण जाणे, पण ते चढले. आत जागा होती तरी बसले नाहीत, वरचा दांडा धरून, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मांडवात दुसरी पंगत बसत होती. शालिनीने मला हाक मारली, मी वाढायला गेले.